शिंगे साळली तरी दात बोलतात
जुनी मोठी गाडी घेताना साल कसे पाहावे, याचा देवणीतला एक धडा

आमचे अब्बा आयुष्यभर बैलांच्या व्यापारात होते. आमच्या देवणी गावाच्या नावानेच जनावरांची एक जात ओळखली जाते. वानेरा, बालंक्या आणि शेवरा हे तिचे तिन्ही प्रकार अब्बांच्या हाताखालून गेले. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैल समोर आला की ते आधी त्याचा रंग पाहत नसत आणि चालही पाहत नसत. नाक धरून तोंड उघडायचे आणि दात मोजायचे. आदत आहे, दोनदाती आहे, चारदाती, सहादाती की जुळलेला, एवढे कळले की मगच किमतीची गोष्ट.

विकणारेही काही भोळे नसतात. वय झालेल्या बैलाची शिंगे साळतात, तेल लावून चकचकीत करतात, अंगावर झूल टाकतात. लांबून पाहिले तर वाटावे, भर जवानीतला बैल आहे. अब्बा अशा बैलापुढे उभे राहून एकच वाक्य बोलत, "शिंगे साळता येतात, दात साळता येत नाहीत."

हे आठवायचे कारण म्हणजे आमचे भाईजान. रियाधमध्ये ११ वर्षे काढून ते गेल्या वर्षी कायमचे घरी आले. घरात माणसे नऊ. अम्मीला तपासणीसाठी दर महिन्याला लातूरला न्यावे लागते. बहिणी उदगीर आणि भालकीला दिलेल्या. जुनी जीप आता थकली होती. भाईजानच्या मनात फॉर्च्युनर होती. नवी घ्यायची तर सगळी शिल्लक संपेल, म्हणून जुनी पाहायचे ठरले. व्याजाचे कर्ज घ्यायचे नाही, हेही ठरले. म्हणजे ११ वर्षांच्या घामाचा पैसा एका व्यवहारात जाणार होता. चूक झाली असती तर ती पुन्हा भरून निघणारी नव्हती.

हैदराबादची गाडी

देवणीच्या माणसाला मोठी खरेदी म्हटले की हैदराबाद आठवते. १९५६ पर्यंत आमचा भाग हैदराबाद राज्यातल्या बीदर जिल्ह्यात होता. नाती, दवाखाने, लग्नाची खरेदी, सगळे अजून त्याच वाटेने चालते. आम्हीही त्याच वाटेने गेलो. एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे पांढरी गाडी उभी होती. धारदार तोंड, बारीक दिवे, आतून लाल-काळे कातडे. "इक्कीस का मॉडल है, भाई," व्यापारी म्हणाला. मागणी २९ लाखांची. मीटरवर ६२ हजार किलोमीटर.

भाईजानना गाडी पाहताक्षणी आवडली. आम्हालाही आवडली. बयाणा द्यायच्या आधी अब्बांना व्हिडिओवर गाडी दाखवली. त्यांनी चारी बाजूंनी पाहिली आणि विचारले, "दात देखे क्या?"

आम्ही हसलो. पण फोन ठेवल्यावर आरसी मागितली. व्यापारी म्हणाला, कागद घरी आहेत, उद्या दाखवतो. आम्ही म्हणालो, मग बयाणाही उद्या. तेव्हा कुठे मोबाइलवर फोटो आला. गाडी बनल्याचा महिना ऑगस्ट २०१७, नोंदणी ऑक्टोबर २०१७. गाडी २०१७ ची आणि तोंड २०२१ चे. नव्या लेजेंडरचा बंपर, दिवे आणि जाळी जुन्या फॉर्च्युनरला बसवून देणारी दुकाने आता मोठ्या शहरांत आहेत. हौसेने कोणी आपल्या गाडीला हे करून घेतले तर ती त्याची हौस. पण ते तोंड दाखवून चार वर्षांनी तरुण गाडीची किंमत मागणे म्हणजे शिंगे साळून बैल विकणे.

व्यापाऱ्याला आम्ही विचारले तेव्हा तो रागावला नाही. "मॉडल तो इक्कीस काच दिखता ना," एवढेच म्हणाला. आम्ही सलाम करून निघालो. परतीच्या वाटेवर भाईजान फार बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र आम्ही सगळ्यांनी बसून ठरवले की आता साल समजून घेतल्याशिवाय एकही गाडी पाहायची नाही. पुढचे तीन महिने जे शिकलो, ते इथे मांडतो आहोत.

एका गाडीला तीन साले

"किती सालची गाडी?" या प्रश्नाला तीन उत्तरे असतात आणि विकणारा त्यातले सोयीचे उत्तर देतो.

पहिले साल बनल्याचे. ते महिन्यासह आरसीवर लिहिलेले असते. दुसरे साल पासिंगचे, म्हणजे नोंदणीचे. डिसेंबरात बनलेली गाडी शोरूममध्ये उभी राहून फेब्रुवारीत विकली गेली की पासिंग पुढच्या वर्षाचे होते. आरटीओचे १५ वर्षांचे गणित नोंदणीपासून चालते, पण बाजारात किंमत बनल्याच्या सालावर घासाघीस करून ठरते. तिसरे साल बनावटीचे, म्हणजे कंपनीने ते रूप, ते इंजिन कधी बाजारात आणले ते. गाडी पाहून डोळ्याला दिसते ते हे तिसरे साल, आणि फसवणूक होते ती इथेच.

गाडीचे दात मोजायच्या जागा ठरलेल्या आहेत. चॅसी नंबर १७ अक्षरांचा असतो आणि त्यात सालाचे एक अक्षर असते. बहुतेक कंपन्यांत ते दहावे अक्षर असते, काही कंपन्या जागा बदलतात. २०१० साठी ए, २०११ साठी बी, असे ते पुढे जाते. आय, ओ, क्यू ही अक्षरे गाळलेली आहेत, म्हणून एच म्हणजे २०१७, जे म्हणजे २०१८, के म्हणजे २०१९, एल म्हणजे २०२० आणि एम म्हणजे २०२१. हा नंबर आरसीवरचा आणि गाडीवर कोरलेला, दोन्ही अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. कोरलेल्या जागी घासल्याची किंवा वेल्डिंगची खूण दिसली तर तिथूनच परत फिरावे.

प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याची खूण आणि सालाचा आकडा असतो. सगळ्या काचा एकाच सालच्या असाव्यात. एकच काच वेगळी असेल तर ती का बदलली, ते विचारावे. सीटबेल्टच्या मुळाशी शिवलेल्या पट्टीवर तारीख असते. टायरवर चार आकडे असतात. २३१७ लिहिले असेल तर टायर २०१७ च्या २३ व्या आठवड्यातला. मीटर ४० हजार दाखवतो आणि टायर दुसऱ्यांदा बदललेले दिसतात, तर मीटर मागे फिरवला आहे का, हा प्रश्न विचारायला लाजू नये. त्याचे खरे उत्तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदीत मिळते. मालकाला सोबत घेऊन ती नोंद काढावी. मालक येत नसेल तर तेही एक उत्तरच आहे.

नाव एक, गाड्या चार

फॉर्च्युनर हे नाव ऐकले की एकच गाडी डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात त्या नावाने आपल्याकडे वेगवेगळ्या गाड्या विकल्या गेल्या.

पहिली आली ऑगस्ट २००९ मध्ये. ३ लिटरचे डिझेल इंजिन, सुमारे १७१ अश्वशक्ती, चारही चाकांना ताकद आणि हाताचा गिअर. या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे. तो ठरलेल्या किलोमीटरला बदलावा लागतो आणि चालत्या गाडीत तुटला तर इंजिनाचा मोठा खर्च अंगावर येतो. तो कधी बदलला, याचा कागद नसेल तर बदललाच नाही असे धरून हिशोब करावा. जानेवारी २०१२ मध्ये याच गाडीचे तोंड बदलले, दोन चाकांना ताकद असलेला प्रकार आणि ऑटोमॅटिक गिअर आला. मात्र गाडी तीच राहिली, एअरबॅगही दोनच.

नोव्हेंबर २०१६ मध्ये गाडी मुळापासून बदलली. २.८ लिटरचे नवे डिझेल इंजिन, सुमारे १७७ अश्वशक्ती, बेल्टऐवजी साखळी आणि ७ एअरबॅग. म्हणजे "२०१६ ची फॉर्च्युनर" एवढे म्हणून काहीच कळत नाही. ऑक्टोबरची आणि डिसेंबरची गाडी यांच्यात एका पिढीचे अंतर असू शकते.

फेब्रुवारी २०२० मध्ये तीच गाडी बीएस-६ झाली. जानेवारी २०२१ मध्ये तोंड बदलले, डिझेलची ताकद २०४ अश्वशक्तीवर गेली आणि लेजेंडर आली. हैदराबादच्या गाडीला हे तोंड होते, पण बॉनेटखाली १७७ चेच इंजिन होते. बंपर बदलून ताकद बदलत नाही.

कोणती मोठी गाडी घ्यायची ते आपल्या ऐपतीवर आहे, पण ही अशी कुंडली प्रत्येक गाडीची मांडता येते. पिढी कधी बदलली, इंजिन कधी बदलले आणि नुसते तोंड कधी बदलले, या तीन तारखा कागदावर लिहून घ्याव्यात. पिढी बदलल्यानंतरचे पहिले वर्ष शक्यतो टाळावे, कारण नव्या बनावटीतल्या खोडी त्या वर्षात निघतात. पिढी संपत आलेली शेवटची वर्षे बहुधा निर्धास्त असतात, आणि नवे तोंड आल्यावर त्यांची किंमतही खाली येते.

कायद्याने घडवलेली साले

काही साले कंपनीने बदलत नाहीत, सरकार आणि न्यायालय बदलते.

एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ गाड्याच विकता येऊ लागल्या आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६. एप्रिल २०२३ मध्ये त्याचाही दुसरा टप्पा आला. बीएस-६ ची डिझेल गाडी धूर कमी करते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण तिच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी असते. ही गाळणी साफ व्हायला गाडी अधूनमधून लांब, एकसारख्या वेगाने पळावी लागते. रोज घर ते दुकान, दुकान ते मशीद, मशीद ते बसस्टँड एवढीच फिरणाऱ्या गाडीत ती तुंबते, आणि तुंबली की खर्च मोठा. काही मॉडेलांत युरियाचे द्रावणही भरावे लागते. तेव्हा बीएस-६ म्हणजे आपोआप आपल्यासाठी चांगली, असे नाही. आपली गाडी कशी चालणार, ते आधी पाहावे.

डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली. ऑगस्ट २०१६ मध्ये १ टक्का हरित अधिभार लावून ती पुन्हा सुरू झाली. त्या आठ महिन्यांत स्कॉर्पिओ आणि एक्सयूव्ही ५०० यांना १.९९ लिटरचे इंजिन आले. अशी गाडी आज समोर आली तर बाकी गाड्यांपेक्षा इंजिन थोडे लहान का, हे कळायला हवे.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश दिला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. त्यावरून पुढेही वाद आणि बदल होत राहिले. पण आठ-नऊ वर्षे झाली की दिल्लीचा मालक गाडी विकायची घाई करतो, ही सवय तेव्हापासूनची. त्या गाड्या हैदराबाद, बीदर, नांदेडपर्यंत येतात. सगळ्याच वाईट नसतात. पण स्वस्त का आहे, याचे उत्तर आपल्याला ठाऊक असावे.

आणखी एक ताजी गोष्ट. सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या एसयूव्हींवरचा कर उपकरासह सुमारे ५० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आला. नव्या गाड्या स्वस्त झाल्या म्हणजे जुन्यांनीही खाली आले पाहिजे. कोणी त्याआधीच्या नव्या गाडीची किंमत दाखवून जुनीचा भाव सांगत असेल तर आजची किंमत विचारून मग बोलावे.

स्वस्तातली मर्सिडीज

शोध चालू असताना एका ओळखीच्या माणसाने सुचवले, "फॉर्च्युनरच्या निम्म्या पैशांत जर्मन गाडी मिळते, ती का घेत नाही?" खरोखरच मिळते. १२-१५ वर्षांची मर्सिडीज एमएल किंवा ऑडी क्यू ७ नव्या छोट्या गाडीच्या किमतीत दिसते.

मराठवाड्याला अशा गाड्यांचे कौतुक जुने आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, एका गटाने मिळून एकाच वेळी १५० मर्सिडीज घेतल्या होत्या. सुमारे ६५ कोटींचा तो व्यवहार देशभर गाजला. ज्या शहराशेजारी शेंद्र्यात ऑडी गाड्यांची जुळणी होते, तिथली ती हौस होती. आज त्या सालच्या गाड्यांची १५ वर्षांची नोंदणी संपली आहे. त्यानंतर तपासणी करून, शुल्क आणि पर्यावरण कर भरून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. एप्रिल २०२२ पासून केंद्राने मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये केले, आणि परदेशातून आयात केलेल्या गाडीला ते ४०,००० आहे.

कागदाचा खर्च त्यातला लहान भाग. या गाड्यांत हवेवर उचलणारी सस्पेन्शन असते, डझनभर संगणक असतात. बिघाड शोधायलाच त्या कंपनीचे यंत्र लागते आणि ते उदगीरच्या गॅरेजमध्ये नसते. गाडी उचलून हैदराबादला किंवा पुण्याला न्यायची. गाडीची किंमत १५ वर्षांत दहा हिश्शांनी उतरली तरी सुट्या भागाची किंमत उतरत नाही. जुनी मर्सिडीज विकत घेताना जुन्या गाडीचे पैसे द्यायचे असतात आणि दुरुस्त करताना नव्या गाडीचे.

सालाचा आणखी एक संबंध इथे येतो. जून २०२२ मध्ये मर्सिडीजने २००४ ते २०१५ दरम्यान बनलेल्या एमएल, जीएल आणि आर-क्लास गाड्या जगभरातून परत बोलावल्या. आकडा सुमारे १० लाख होता. ब्रेकला जोर देणाऱ्या भागाला गंज चढून ब्रेक निकामी होण्याचा धोका होता. तपासणी होईपर्यंत गाडी चालवू नका, असे मालकांना सांगितले गेले. फोक्सवॅगन समूहानेही २०१५ च्या अखेरीस धुराच्या प्रकरणात भारतातल्या ३ लाख २३ हजारांवर गाड्या दुरुस्तीसाठी बोलावल्या, त्यात ऑडीही होत्या. म्हणून चॅसी नंबर देऊन कंपनीला दोनच प्रश्न विचारावेत: ही गाडी कधी परत बोलावली होती का, आणि ते काम झाले का? याला पैसे लागत नाहीत.

अम्मीने ही सगळी चर्चा ऐकली आणि विचारले, "गाडी आपल्याला बसायला पाहिजे की लोकांना बघायला?" त्यानंतर जर्मन गाडीचा विषय निघाला नाही.

कंपनीच निघून गेली तर

फोर्ड एन्डेव्हर ही दणकट गाडी. जानेवारी २०१६ मध्ये आलेली तिची पिढी आजही लोक नावाजतात. पण सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतातले उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. शेवर्लेची विक्री २०१७ च्या अखेरीस थांबली, तिच्या कॅप्टिव्हा आणि ट्रेलब्लेझरही रस्त्यावर आहेत. सुटे भाग मिळत नाहीत असे नाही. मात्र गाडी घेण्याआधी दिवे, पुढची काच, क्लच आणि बंपर या चार वस्तूंची किंमत आणि मिळायला लागणारे दिवस आपल्या नेहमीच्या मिस्त्रीकडून विचारून घ्यावेत. दहा मिनिटांचे काम आहे.

सीमेवरचे कागद

देवणीत एका चौकात उभे राहिले तर एमएच २४ बरोबर केए ३८, केए ३९ आणि हैदराबादच्या गाड्याही दिसतात. हैदराबादच्या नंबरवरूनही साल थोडे कळते. जून २०१४ पर्यंत तिथे एपी होते, मग टीएस आले, मार्च २०२४ पासून नव्या गाड्यांना टीजी मिळते. एपी नंबरची हैदराबादी गाडी "सोळाची" म्हणून दाखवली तर थबकावे.

बाहेरच्या राज्याची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागते. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, बोजा उतरवायला बँकेची फॉर्म ३५, नव्या नंबरसाठी फॉर्म २७. महाराष्ट्राचा एकरकमी कर पुन्हा भरावा लागतो. २० लाखांवरच्या डिझेल गाडीला नवीन असताना तो १५ टक्के आहे, जुनीला वयानुसार कमी होतो. इथेही बनल्याचे आणि नोंदणीचे साल खिशाला लागते. हैदराबादची गाडी दोन लाखांनी स्वस्त दिसते आणि कर, खेटे, एजंट धरून बरोबरीला येते. हा हिशोब आम्ही लातूरच्या आरटीओत जाऊन आधी केला.

कर्ज न काढता घेणाऱ्यांनी, म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांनी, एक गोष्ट लक्षात ठेवावी. बँक कर्ज देते तेव्हा तिचा माणूस गाडी तपासतो, साल पाहतो, किंमत ठरवतो, आधीचा बोजा शोधतो. आपण बचतीतून किंवा भिशीतून घेतो तेव्हा हे कोणी करत नाही. व्याजापासून दूर राहण्याचे समाधान मोठे आहे, पण तपासणीचे काम मग आपल्याच अंगावर येते. परिवहनच्या अॅपवर नंबर टाकून नोंदणीची तारीख, बोजा आणि विमा पाहावा. ओळखीचा मिस्त्री एक दिवसाची मजुरी देऊन सोबत न्यावा. पैसे बँकेतूनच द्यावेत. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणे आयकर कायद्यात बसत नाही, आणि उद्या वाद झाला तर रोखीला साक्षीदार नसतो.

आमच्या दारातली गाडी

शेवटी आम्ही लातूरच्या एका घरातून गाडी घेतली. २०१८ मध्ये बनलेली, २०१८ मध्येच पासिंग झालेली, पहिल्याच मालकाकडची, सर्व्हिसच्या सगळ्या नोंदी असलेली. दोन चाकांना ताकद, हाताचा गिअर, १ लाख ४ हजार किलोमीटर. मालकाने स्वतःहून सांगितले की मागचा बंपर एकदा रंगवला आहे आणि एसीचा एक भाग बदलला आहे. तोंड जुनेच आहे. भाईजानना अधूनमधून त्या लाल-काळ्या कातड्याची आठवण येते, पण अम्मी मागे आडवी होऊन लातूरला जाते आणि वाटेत झोपते.

जुनी जीप मग विकायला काढली. वलांडीचा एक तरुण मुलगा पाहायला आला. शेतातल्या मालाची ने-आण करायची होती, पैसे जमवून आणले होते. त्याने फिरवून पाहिली आणि विचारले, "किती सालची?"

जीप बनली होती डिसेंबर २०११ मध्ये आणि पासिंग फेब्रुवारी २०१२ चे. आम्ही एकमेकांकडे पाहिले. भाईजान म्हणाले, "बाराची पासिंग आहे." हे खोटे नव्हते. हैदराबादच्या व्यापाऱ्याचे वाक्यही खोटे नव्हते, तोंड एकवीसचेच दिसत होते.

अब्बा ओट्यावर बसून होते. ते म्हणाले, "बनली अकरामध्ये. बाराची नुसती पासिंग. डावा दरवाजा एकदा बदललाय, आणि दुसरा गिअर थंडीत अडतो. बघून घे, बेटा."

मुलाने पुन्हा एकदा दरवाजा उघडून पाहिला, दुसरा गिअर टाकून पाहिला, आणि ठरलेल्या भावात १५ हजार कमी करायला सांगितले. अब्बांनी केले. जीप गल्लीच्या वळणावरून गेली तेव्हा अम्मीने आतून विचारले, "कितीला गेली?"

"बराबर गेली," अब्बा म्हणाले.